स्टार्टअपचं काम, घर आणि छंद: तिन्ही एका आठवड्यात कसे बसवावेत

सहा-आठ जणांच्या सॉफ्टवेअर कंपनीत काम संपलं असं कधी होतच नाही. त्यामुळे 'काम आटोपलं की घरी वेळ देईन' हा बेत पहिल्याच महिन्यात फसतो. घरचे आणि छंदाचे तास आधी लावायचे आणि उरलेल्यात काम बसवायचं, असा क्रम ठेवावा लागतो. खालची पद्धत पुण्यातली अशी एक कंपनी डोळ्यांपुढे ठेवून दिली आहे, जिचे ग्राहक अमेरिकेत आहेत आणि टीममधल्या बहुतेकांच्या घरी शाळेत जाणारी मुलं आहेत. तुम्ही संस्थापक असा की नोकरीला, पायऱ्या त्याच.

१. आधी आठवडा मोजा

आठवड्याचे तास १६८. रोज सात तास झोप धरली की ४९ गेले. काम ५५, तीन दिवस हिंजवडीला जाण्यायेण्याचे ६, आंघोळ-जेवण-घरकामाचे २१. उरतात ३७. ते हाताला लागत नाहीत, कारण त्यांचा चुरा झालेला असतो: दोन कॉलमधली वीस मिनिटं, जेवणानंतरची पंधरा. एक आठवडा साध्या वहीत अर्ध्या-अर्ध्या तासाची नोंद ठेवा आणि शेवटी एकच गोष्ट मोजा: जागेपणी, कामाबाहेर, सलग ९० मिनिटं किती वेळा मिळाली? चारपेक्षा कमी वेळा मिळाली असतील, तर बहुतेक वेळा दोष तासांच्या कमतरतेत नसून कॉलच्या वेळांत असतो.

२. कॉलच्या वेळा घराच्या घड्याळाने ठरवा

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो, म्हणून इथे घाई करू नका.

न्यूयॉर्क आपल्या मागे उन्हाळ्यात साडेनऊ तास असतं, हिवाळ्यात साडेदहा. कॅलिफोर्निया साडेबारा आणि साडेतेरा. हा बदल मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो. म्हणजे कॅलिफोर्नियातला सकाळी नऊचा कॉल आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेनऊला असतो आणि नोव्हेंबरात साडेदहावर जातो. मूल झोपवायची वेळ त्यात जाते, आणि घरात कुणाला कळतही नाही की हे घड्याळामुळे झालं.

उपाय दोन. न्यूयॉर्कच्या ग्राहकाला सकाळी साडेआठची वेळ सुचवा. आपल्याकडे ती संध्याकाळी सहा किंवा सात येते, कॉल पाऊण तासाचा ठेवला की गृहपाठ आणि जेवण वाचतं. कॅलिफोर्नियासाठी सकाळ वापरा: आपले साडेसात म्हणजे तिथे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे सात, हिवाळ्यात सहा. अर्थात घरात सव्वासातला शाळेची व्हॅन येत असेल, तर डबा भरणं आणि मुलाला खाली सोडणं त्या दिवशी दुसऱ्या कुणाकडे आहे हे आधी ठरवा. असे सकाळचे कॉल आठवड्यात दोनच ठेवा.

आणखी एक. दर आठवड्याच्या कॉलचं आमंत्रण कॅलेंडरमध्ये ग्राहकाच्या टाइमझोनमध्ये बनवलं असेल, तर नोव्हेंबरात आपली वेळ सरकते. भारतीय वेळेत बनवलं असेल, तर त्याची. कुणाची सरकावी हे ऑक्टोबरातच बोलून घ्या.

३. तातडी म्हणजे काय, हे लिहून काढा

रात्रीच्या निम्म्या धावपळीचं मूळ करारात असतं. 'चोवीस तास सपोर्ट' असं मोघम लिहून दिलं की बटणाचा रंग चुकला तरी रात्री एक वाजता मेसेज येतो. पूर्ण सेवा बंद पडणं, पैशांचे व्यवहार अडकणं, डेटा जाणं किंवा फुटणं, एवढंच चोवीस तासांच्या सपोर्टमध्ये धरा. बाकी सगळं पुढच्या कामाच्या दिवशी. जुन्या ग्राहकाशी हे नूतनीकरणाच्या वेळी बोलता येतं.

मग पाळ्या लावा. चौघं असाल तर प्रत्येकाला चारातला एक आठवडा ऑन-कॉल, म्हणजे तातडीचा फोन आला तर उठायची पाळी, येतो. दोघंच असाल तर एकाआड एक. ते वर्षभर कुणालाही झेपत नाही, म्हणून पुढची भरती याच जागेसाठी करा. पाळी सोमवारी सकाळी अकराला बदला, रविवारी रात्री नको. ज्याला रात्री उठावं लागलं, त्याची दुसऱ्या दिवशीची सकाळ मोकळी, आणि ती त्याला मागावी लागू नये.

रात्रीचे बरेच अलर्ट, म्हणजे यंत्रणेकडून आपोआप येणारे इशारे, दिवसाच मारता येतात. सर्व्हरची डिस्क ९५ टक्के भरल्यावर ओरडत असेल तर ती पहाटे तीनलाही ओरडणार; ७५ टक्क्यांना साधं तिकीट, म्हणजे कामाच्या यादीत एक नोंद, उघडेल असं करा. वेबसाइटच्या सुरक्षित जोडणीसाठी लागणारी लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची ९० दिवसांची सर्टिफिकेट आपोआप नवी होतात की नाही, हे स्वतः तपासत राहा. मुदत संपत आल्याची ई-मेल त्यांनी २०२५ मध्ये बंद केली आहे. शुक्रवारी दुपारनंतर डिप्लॉय नाही, म्हणजे नवा कोड चालू सेवेवर चढवायचा नाही, हा नियम संस्थापकालाही लागू.

४. फोनला दार बसवा

रात्री साडेआठ ते सकाळी आठ स्लॅकची, म्हणजे ऑफिसच्या मेसेजच्या ॲपची, सूचना बंद. फोनवर 'डू नॉट डिस्टर्ब' लावा, त्यात घरची माणसं आणि ऑन-कॉलचा नंबर वगळा. टीमला एकच खूण सांगा: खरंच पेटलं असेल तर लागोपाठ दोनदा फोन करा. अँड्रॉइडमध्ये तोच नंबर पंधरा मिनिटांत पुन्हा आला तर वाजू देण्याची सोय आहे, आयफोनमध्ये तीन मिनिटांत. या भरवशावर फोन दिवाणखान्यात चार्जिंगला लावून जेवायला बसता येतं. लॅपटॉप मिटण्याआधी उद्याचं पहिलं काम एका ओळीत लिहून ठेवा. ते लिहिलं नाही की तेच काम ताटावर बसल्यावर डोक्यात घोळतं.

५. रविवारी वीस मिनिटं, कालनिर्णयापाशी

बऱ्याच घरांत खरं वेळापत्रक स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर असतं: दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, पालकसभा, आईंची डोळ्यांची तपासणी. ऑफिसचं कॅलेंडर फोनमध्ये. दोघांची गाठ कधी पडत नाही. रविवारी संध्याकाळी चहा घेऊन दोघांनी भिंतीपाशी उभं राहायचं आणि दोन्हींकडच्या तारखा एकमेकांत उतरवायच्या. मुलालाही बोलवा. त्याच्या स्नेहसंमेलनाची तारीख तोच न विसरता सांगतो.

संस्थापक असाल तर कराच्या तारखा त्याच चौकोनांत हव्यात: मार्चचा हप्ता सोडून टीडीएस (पगार वगैरे देताना कापलेला कर) पुढच्या महिन्याच्या ७ला, जीएसटीची विवरणं दरमहा भरत असाल तर विक्रीचं जीएसटीआर-१ ११ला, एकूण कराचं जीएसटीआर-३बी २०ला, आगाऊ कर १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च. खूण तीन दिवस अलीकडे करा. २०२६ची गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे आणि लगेच १५ला आगाऊ कर. आरतीच्या वेळी बँकेचा ओटीपी शोधत बसायचं नसेल, तर ते काम ११लाच उरका.

६. छंद असा घ्या, जिथे कुणीतरी वाट बघत असेल

'वेळ मिळाला की वाचेन' यातलं वाचन होत नाही. तबल्याचा क्लास, बॅडमिंटनचा जोडीदार, शनिवारी पहाटे सिंहगड चढणारा गट टिकतो, कारण तुम्ही गेला नाहीत तर विचारणारं कुणी असतं. आठवड्यात ९० मिनिटांचे दोन तुकडे पुरेत. जोडीदाराच्या छंदालाही तेवढेच द्या, नाहीतर तुमचे दोन महिनाभरात जातील आणि ते योग्यच असेल. एकाचा मंगळवार, दुसऱ्याचा गुरुवार. त्या संध्याकाळी घरचं सगळं दुसऱ्याकडे, कुकर लावण्यापासून दप्तर भरण्यापर्यंत.

ढोलताशा पथकात वाजवायचं असेल तर गणपतीच्या आधीचे जवळजवळ दोन महिने संध्याकाळी सराव असतो, आणि नेमके तेव्हाच न्यूयॉर्कचे कॉल. मे महिन्यातच ग्राहकाशी बोलून ते दोन महिने काही कॉल सराव संपल्यावर घ्या, काही सहकाऱ्याकडे द्या. रेंज नसलेल्या गडावर जायचं असेल तर ऑन-कॉलचा आठवडा आधी अदलाबदल करून घ्या.

७. कामाची लाट येते तेव्हा

मोठं रिलीज किंवा गुंतवणूक उभी करण्याचे आठवडे येणारच, आणि तेव्हा वरचं सगळं थोडं विस्कटतं. घरी आधी सांगा, आणि सुरुवातीसोबत शेवटची तारीखही सांगा. सहा आठवड्यांपेक्षा लांबलं तर ती लाट राहिली नाही, तुमच्या कामाची पद्धतच तशी झाली. मग एक फीचर किंवा एक ग्राहक कमी करण्याचा निर्णय घ्यावा लागतो. लाटेतही दोन गोष्टी हलवू नका: रात्रीचं एक जेवण एकत्र आणि झोपेचे सहा तास. लाट सुरू होण्याआधीच त्यानंतरचे तीन दिवस रजेचे म्हणून कालनिर्णयावर पेनने लिहा, पेन्सिलने नको.