शेतातला लोरा सेन्सर एसडीआरने तपासताना
कापसात ओलाव्याचा लोरा (कमी विजेवर लांबवर माहिती पाठवणारी रेडिओ पद्धत) सेन्सर रोवण्याआधी तो खरंच बोलतोय का, हे आरटीएल-एसडीआर डोंगलने, म्हणजे संगणकाच्या यूएसबीला लावायच्या रेडिओ रिसीव्हरने बघा. अँटेना म्हणून ८.६ सेंटिमीटर तार उभी लावा. ८६६ मेगाहर्ट्झवर या. सॅम्पल रेट २.४ एमएसपीएस (सेकंदाला २४ लाख सॅम्पल), त्यावर नेला तर सॅम्पल गळतात. ऑटो गेन (सिग्नल आपोआप वाढवणं) बंद. ३० डीबीपासून चढवत जा, तळाची रेघ (नुसत्या खरखरीची पातळी) उचलली की थोडं मागे या. वॉटरफॉलमध्ये (वेळेनुसार सरकणारं फ्रिक्वेन्सीचं चित्र) १२५ किलोहर्ट्झ रुंदीच्या तिरप्या रेघा दिसायला हव्यात. सेन्सर हातभर अंतरावर असेल तर खोट्या रेघाही उमटतात. दहा मीटर लांब ठेवा.

मराठवाड्यातलं मे महिन्याचं ऊन मात्र वेगळीच डोकेदुखी. डोंगल तापला की आतल्या क्रिस्टलची फ्रिक्वेन्सी सरकते. २० पीपीएम (दहा लाखांत २० भाग) चूक म्हणजे इथे सुमारे १७ किलोहर्ट्झ. लिंबाच्या सावलीत वीस मिनिटं चालू ठेवा, मगच सॉफ्टवेअरमध्ये पीपीएम दुरुस्त करा.

प्रक्षेपणही करायचं तर हॅकआरएफ वन हा सिग्नल पाठवूही शकणारा एसडीआर घ्या. त्याच्या इनपुटला उणे ५ डीबीएमपेक्षा (सिग्नलच्या ताकदीचं माप) जास्त सिग्नल दिला तर आतला अ‍ॅम्प्लिफायर जळू शकतो. सेन्सर केबलने जोडताना मध्ये ४० डीबीचा अटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा जोड) हवाच.