एकाच खोलीत माती आणि स्क्रीन: नाशिकच्या घरात स्टुडिओ कसा मांडावा

मातीची भांडी आणि स्क्रीन प्रिंटिंग (जाळीतून शाई दाबून छापणं) एका खोलीत नांदू शकतात, पण एकाच दिवशी नाही. वाळलेल्या मातीची धूळ ओल्या इमल्शनवर, म्हणजे जाळीवर लावायच्या प्रकाशाने कडक होणाऱ्या लेपावर, बसली की स्क्रीनला बारीक भोकं पडतात आणि प्रत्येक छापात नको तिथे टिपके उमटतात. त्याच धुळीत सिलिका असते, आणि ती फुप्फुसात साचली की निघत नाही. म्हणून या खोलीत कोरडा झाडू आणूच नये. मातीचं काम संपलं की टेबल ओल्या स्पंजने आणि फरशी ओल्या फडक्याने पुसा, रात्रभर खोली बंद ठेवा आणि स्क्रीनचं काम दुसऱ्या सकाळी काढा. कोरडं ग्लेझ (भांड्याला काचेसारखी चकाकी देणारी पूड) कालवताना एन-९५ मास्क हवाच.

१० बाय १२ फुटांची खोली पुरते. मांडणी नळापासून सुरू करा, कारण दोन्ही कामांना पाणी तिथेच लागेल. मात्र मातीचं पाणी थेट मोरीत सोडू नका. ओळीने ३ बादल्या ठेवा: पहिलीत हात-हत्यारं धुवा, दुसरीत विसळा, तिसरीत शेवटचं खंगाळा. रात्रभरात गाळ खाली बसतो. वरचं नितळ पाणी ओता आणि गाळ प्लास्टरच्या लादीवर पसरून पुन्हा मळायला घ्या. ही लादी घरीच होते. ७ किलो पाण्यात १० किलो प्लास्टर ऑफ पॅरिस हळूहळू भुरभुरून टाका, हवेचे बुडबुडे न येऊ देता ढवळा आणि चौकटीत २ इंच जाड ओता. लादीच्या कडा तासून गोल करा. प्लास्टरचा कण मातीत गेला, तर भाजल्यावर तो ओलावा शोषून फुगतो आणि भांड्याचा टवका उडवतो.

भट्टी

खर्च आणि धोका दोन्ही इथे आहेत, म्हणून आधी वायरमनला बोलवा, भट्टी नंतर विकत घ्या. ६ किलोवॉटची विजेची भट्टी २३० व्होल्टवर सुमारे २६ अँपिअर ओढते, तीही तासन् तास. गीझरच्या १६ अँपिअर सॉकेटवर ती चालवली तर प्लग वितळतो. मीटरपासून ६ स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची वेगळी वायर, ३२ अँपिअरचा एमसीबी आणि पक्कं अर्थिंग घ्या. वीजबिलावर मंजूर भार छापलेला असतो. तो कमी असेल तर महावितरणकडे वाढवून घ्या. एका भाजणीला साधारण ३० ते ४० युनिट जातात. घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो, म्हणून महिन्यात चार अर्ध्या रिकाम्या भाजण्या करण्यापेक्षा दोन गच्च भरून करा.

भट्टी भिंतीपासून दीड फूट लांब, लोखंडी स्टँडवर आणि उघड्या खिडकीजवळ असू द्या. झोपायच्या खोलीत ती नकोच, कारण पहिल्या भाजणीत मातीतून वायू निघतात.

बिस्क भाजणीत, म्हणजे ग्लेझ लावण्याआधीच्या पहिल्या भाजणीत, घाई नडते. आतलं पाणी उकळून वाफ झाली की भांडं फुटतं आणि शेजारची भांडीही घेऊन जातं. ९५ अंशांवर ३-४ तास थांबा. पावसाळ्यात रात्रभर थांबलात तरी चालेल. मग ६०० अंशांपर्यंत तासाला १०० अंश, पुढे तासाला १५० अंश, असं १००० पर्यंत न्या. ५७३ अंशांना क्वार्ट्ज एकदम आकार बदलतं, म्हणून चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा तिथे धिम्याने जा. ग्लेझची भाजणी कोन ६ पर्यंत, म्हणजे सुमारे १२२० अंश. कोन म्हणजे भट्टीत ठेवायचा, ठरावीक उष्णतेला वाकणारा छोटा सुळका. भट्टीचा तापमान-मीटर फक्त त्या क्षणाचं तापमान दाखवतो, मातीने एकूण किती उष्णता घेतली हे कोन सांगतो, दोन्ही ठेवा. १०० अंशांच्या खाली येईपर्यंत झाकण उघडायचं नाही.

इथली काळी माती या कामाची नाही. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. कुंभाराकडची लाल माती सुंदर असते, पण १२२० अंशांना ती वितळून भट्टीतल्या फळीला चिकटते. तयार स्टोनवेअर माती (एवढ्या तापमानाला टिकणारी) घ्या आणि दोन्ही माती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. एप्रिल-मेच्या कोरड्या वाऱ्यात कपाचा कान कपापेक्षा आधी वाळतो आणि जोडावर तडा जातो, तेव्हा प्लास्टिकखाली झाकून वाळवा.

स्क्रीन

कापडी पिशव्यांसाठी ४३टी जाळी (सेंटिमीटरला ४३ धागे), कागदासाठी ७७टी. इमल्शन डायझोचं घ्या. स्वस्त बायक्रोमेट विषारी आहे आणि घरातून वाहून शेवटी गोदावरीकडेच जातं. ट्यूबलाइट बंद करून पिवळ्या दिव्यात दोन्ही बाजूंनी एकेक पातळ हात द्या आणि स्क्रीन आडवी ठेवून वाळवा. जून ते सप्टेंबर इथेच घात होतो: वरून कोरडं वाटणारं इमल्शन आत ओलं असतं, ते प्रकाशात कडक होत नाही आणि धुताना सगळं वाहून जातं. बंद कपाटात छोटा पंखा आणि डीह्युमिडिफायर ठेवा.

वाळलेल्या स्क्रीनवर पॉझिटिव्ह, म्हणजे नक्षीची काळी फिल्म, ठेवा आणि ५० वॉटचा यूव्ही एलईडी दिवा दीड फुटावरून लावा. काळ्याखालचं इमल्शन कडक होत नाही आणि धुताना निघून जातं. दिवा किती वेळ लावायचा हे दुसऱ्याकडून उसनं घेऊ नका. पुठ्ठा सरकवत एकाच स्क्रीनवर १, २, ३, ४, ५ मिनिटांचे पट्टे काढा. धुताना आतली बाजू बुळबुळीत लागली तर वेळ कमी पडला. बारीक रेषा उघडल्याच नाहीत तर जास्त झाला. छापताना स्क्रीन कापडापासून २-३ मिलिमीटर वर असावी, नाहीतर शाई पसरते.

छाप मातीवर

दोन्ही कामं एकत्र येतात ती इथे. लेडमुक्त अंडरग्लेझ (ग्लेझच्या खाली लावायचा रंग) उथळ ताटलीत ठेवून पातळ श्रीखंडाइतकं दाट होऊ द्या आणि ग्लिसरीनचे ४-५ थेंब घाला, म्हणजे ते जाळीत वाळत नाही. ४३टी जाळीने कोऱ्या न्यूजप्रिंटवर छापा. कागद मातीवर पालथा पडणार, म्हणून अक्षरं पॉझिटिव्हवरच उलटी हवीत. देवनागरीत अनुस्वार आणि मात्रा पहिल्यांदा बुजतात. रेषा १ मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवू नका.

माती नखाने रेघ उठेल पण वाकणार नाही, अशी झाली की तिला पातळ स्लिपचा (पाण्यात कालवलेल्या मातीचा) हात द्या. स्लिपची चकाकी गेली की कागद ठेवा, मागून रबराच्या पट्टीने घासा आणि कोपरा उचलून पाहा. रंग सुटला नसेल तर मागे पाण्याचा हलका फवारा मारा. स्लिप ओली असताना घाई केली तर छाप घसरतो. बिस्कनंतर पारदर्शक ग्लेझ पातळच लावा. जाड थर दुधाळ होतो आणि त्याखाली अक्षरांच्या कडा विरघळतात.