गालिच्यावरचे सोफ्याचे खड्डे कसे घालवले

सासूबाईंनी दिलेला भदोहीचा लोकरी गालिचा सहा वर्षं हॉलमध्ये अंथरलेला आहे. दिवाळीच्या साफसफाईत सोफा सरकवला तर खाली रुपयाच्या नाण्याएवढे चार खड्डे! तळाशी लोकर चपटी होऊन चकाकत होती. ब्रशने घासलं, व्हॅक्यूम फिरवला, काही फरक नाही. जीव हळहळला.

मग प्रत्येक खड्ड्यात बर्फाचा एकेक खडा ठेवला. सकाळी ओल टिपून चमच्याच्या कडेने लव उचलत गेले. तीन खड्डे भरून आले. भिंतीकडचा, जिथे सगळे टेकून बसतात, तो मात्र हलेना.

त्याला वाफ दिली. सुती पंचा ओला करून घट्ट पिळला, खड्ड्यावर पसरला आणि वर इस्त्री जेमतेम टेकवली, पाच-सात सेकंद. दाबायची अजिबात नाही. ओल्या लोकरीचा वास आला की पंचा उचलायचा आणि तंतू गरम असतानाच बोटांनी उभे करायचे. तिसऱ्या खेपेला लव वर आली. नंतर दोन तास पंखा लावला, कारण खालचं सूत ओलं राहिलं तर कुबट वास धरतं.

आधी कोपऱ्यात ओलं पांढरं फडकं दाबून रंग जातो का ते नक्की बघा. आणि गालिचा पॉलिप्रॉपिलीनचा, म्हणजे प्लास्टिकच्या धाग्याचा असेल तर इस्त्री नकोच. तो धागा साधारण १६० अंशांना वितळतो. तिथे बर्फच बरा.

आता सोफ्याच्या पायांखाली रुंद लाकडी चकत्या घातल्या आहेत.