डच बोलायला सुरुवात करताना: द हेगमध्ये नव्याने आलेल्या मराठी मंडळींसाठी

नेदरलँड्समध्ये आल्यावर पहिल्या महिन्यातच लक्षात येते की इथे डच न येताही सगळे निभते. कार्यालयातले काम इंग्रजीत चालते, दुकानदार इंग्रजी बोलतात, ट्रेनमधला तिकीट तपासनीसही आपला चेहरा पाहून आपण होऊन इंग्रजीत विचारतो. या सोयीमुळेच आपल्यातल्या अनेकांची पाच-सात वर्षे वर्गातले दोन धडे आणि मोबाइलवरचे एखादे ॲप एवढ्यावरच जातात आणि शेजारच्या आजींशी जिन्यात भेट झाली की बोलणे ‘खुदेमोर्खन’, म्हणजे ‘शुभ सकाळ’, याच्या पुढे सरकत नाही. माझीही पहिली तीन वर्षे अशीच गेली. त्यानंतर जे उपयोगी पडले त्याचे सूत्र एकच आहे: डच बोलताना इंग्रजीला मध्ये येऊ देऊ नका, दुकानात तर नाहीच, पण मनातल्या मनातही नाही. डचला मराठीतूनच भिडा, कारण ही वाट बऱ्याच ठिकाणी जवळची आहे.

आधी दुकानाविषयी. आपण अडखळलो की समोरचा माणूस लगेच इंग्रजीकडे वळतो. त्यात आपला अपमान नसतो, त्याला आपली अडचण दूर करायची असते. अशा वेळी गप्प न बसता ‘इक विल ख्राख नेदरलान्त्स ऊफनन’, म्हणजे ‘मला डचचा सराव करायचा आहे’, एवढे एक वाक्य म्हणावे. पुढचे समजले नाही तर ‘कुन्त यू वात लांगझामर प्रातन?’, म्हणजे ‘जरा सावकाश बोलाल का?’, असे विचारावे. ही दोन वाक्ये झोपेतून उठवले तरी म्हणता येतील इतकी घोटून ठेवा. माझ्या अनुभवात दहापैकी नऊ जण थांबतात, हसतात आणि खरोखरच सावकाश बोलतात.

सरावासाठी जागा मात्र एकच ठरवा आणि वेळही शक्यतो तीच ठेवा. रोज नवे दुकान गाठण्यापेक्षा दर शनिवारी सकाळी एकाच पाववाल्याकडे जाणे कितीतरी फायद्याचे, कारण तिथले संभाषण ठरावीक असते आणि दर वेळी त्यात एखादाच नवा शब्द येतो. तुम्ही म्हणता, ‘माख इक एन हाल्फ्ये ब्राउन, खस्नेदन?’ म्हणजे ‘अर्धा ब्राऊन ब्रेड, कापून, मिळेल का?’ पलीकडून विचारणा होते, ‘आन्दर्स नोख ईत्स?’, आणखी काही? तुम्ही ‘दात वास हेत’, एवढेच, असे सांगता. मग पावती हवी का असे विचारले जाते आणि ‘फैन वीकेन्त’ म्हणून निरोप होतो. चौथ्या-पाचव्या शनिवारी दुकानातली बाई आपल्याला ओळखते, पावसाविषयी एखादे वाक्य जास्तीचे बोलते, आणि पुस्तकात न सापडणारे खरे संभाषण तिथे सुरू होते.

चीजच्या गाड्यावर वजनाचे दोन शब्द लागतात. ‘पोन्त’ म्हणजे पाचशे ग्रॅम आणि ‘ओन्स’ म्हणजे शंभर ग्रॅम. इंग्रजी पौंड आणि औंस डोक्यात ठेवून मागितले की हिशेब चुकतो. द हेगमध्ये राहणाऱ्यांनी हाख्स मार्क्त या मोठ्या उघड्या बाजाराचा जरूर उपयोग करावा. तिथे भाव ओरडून सांगितले जातात, त्यामुळे आकडे कानावर सतत पडत राहतात. जवळच्याच पॉल क्रूगरलानवर सुरीनामी हिंदुस्थानी लोकांची दुकाने आहेत. त्यांचे पूर्वज 1873 पासून कलकत्त्याहून सुरीनामला मजूर म्हणून नेले गेले आणि 1975 मध्ये सुरीनाम स्वतंत्र झाले त्या सुमारास त्यांच्यातले अनेक जण इथे आले. तिथे भेंडीला ‘ओकर’, कारल्याला ‘सोप्रोपो’ आणि चवळीच्या लांब शेंगांना ‘काउसनबान्त’ म्हणतात. तिथे हिंदी बोलण्याचा मोह फार होतो, पण मी आवर्जून डचमध्येच बोलते. हे दुकानदार घाई करत नाहीत आणि आपली चूक मायेने दुरुस्त करतात.

उच्चारांच्या बाबतीत मराठी माणसाला काही गोष्टी आयत्या मिळालेल्या आहेत, पण इंग्रजी वळणामुळे आपण त्या गमावतो. डचमधले ‘त’ आणि ‘द’ आपल्या दंत्य त-द यांच्या जवळचे आहेत. इंग्रजीच्या सवयीने आपण तिथे ट-ड वापरतो आणि शब्द जड होतो. क, त, प हेही मराठीसारखेच श्वास न सोडता उच्चारायचे असतात. शब्दाच्या शेवटी आलेला ‘द’ मात्र ‘त’ होतो, म्हणून ब्रेडला ‘ब्रोत’ आणि कुत्र्याला ‘होन्त’ म्हणतात. ‘ख’ मी इथे सोयीसाठी लिहिला आहे. खरा आवाज घशातून घासत येतो, उर्दूतल्या ‘ख़ुदा’मधल्यासारखा. आपल्याकडे नसलेल्या स्वरांसाठी एक युक्ती आहे: ‘ई’ म्हणत असताना ओठांचा चंबू केला की ‘भिंत’ या अर्थाच्या ‘muur’ या शब्दातला स्वर सापडतो, आणि ‘ए’ म्हणताना तसाच चंबू केला की ‘दार’ या अर्थाच्या ‘deur’ या शब्दातला. आरशासमोर रोज दोन मिनिटे हे करावे. ऐकलेली वाक्ये वहीत देवनागरीत लिहून ठेवावीत, कारण डच स्पेलिंग पाहिले की तोंडात आपोआप इंग्रजी उच्चार येतो.

आकडे आणि घड्याळ यांवर मी जरा जास्त थांबते, कारण तिथे मला स्वतःला फटका बसला आहे. पहिल्या वर्षी दाताच्या डॉक्टरांकडे फोनवर ‘हाल्फ फीर’ची वेळ मिळाली. ‘हाल्फ’ म्हणजे अर्धा आणि ‘फीर’ म्हणजे चार, तेव्हा साडेचार, असा हिशेब करून मी सव्वाचारलाच जाऊन बसले. वेळ साडेतीनची होती. ती हुकली आणि न आल्याचे पैसेही भरावे लागले. डचमध्ये ‘हाल्फ फीर’ म्हणजे चौथा तास अर्धा झालेला. हे पाठ करताना मी वैतागले होते, पण नंतर आजोबांचे पाढे आठवले. अडीच हा शब्द ‘अर्धतृतीय’ यावरून आलेला आहे, म्हणजे तिसरा अर्धा. तोच डचमधला ‘हाल्फ द्री’. आणि साडेतीनसाठी आपल्याकडे जुना शब्द आहे औट, जो औटकीत, म्हणजे साडेतीनच्या पाढ्यात, येतो आणि ‘औट हात’ या प्रयोगात टिकून आहे. औट म्हणजे ‘अर्धचतुर्थ’, म्हणजे हुबेहूब ‘हाल्फ फीर’. दीडलाही डचमध्ये ‘आन्दरहाल्फ’ असा स्वतंत्र शब्द आहे, तर ‘क्वार्त ओफर द्री’ म्हणजे सव्वातीन आणि ‘क्वार्त फोर द्री’ म्हणजे पावणेतीन. तेव्हा फोनवर वेळ ऐकली की साडेच्या जागी अडीच आणि औट आठवावेत, आणि खात्रीसाठी तीच वेळ आकड्यांत पुन्हा सांगून विचारावी.

आकड्यांतही तसेच आहे. एकवीस म्हणताना आपण एक आधी म्हणतो आणि वीस नंतर. डच माणूसही ‘एन-एन-त्विंतख’ म्हणतो. पंचेचाळीसमध्ये पाच आधी, तसेच ‘फैफ-एन-फेर्तख’मध्येही पाच आधी. इंग्रजीतून विचार करणारा माणूस पंचेचाळीस ऐकून चोपन्न लिहितो, मराठीतून ऐकणाऱ्याचे असे सहसा होत नाही. एकोणतीससारख्या आकड्यांपुरता फरक आहे, कारण डचमध्ये तिथेही सरळ नऊ आणि वीसच म्हणतात.

वाक्यरचनेत ‘मी उद्या ट्रेनने उत्रेख्तला जाते’ या वाक्यातला कधी, कशाने, कुठे हा क्रम डचमध्ये जसाच्या तसा येतो: ‘इक खा मोर्खन मेत द त्रैन नार उत्रेख्त’. फक्त क्रियापद उचलून दुसऱ्या जागी ठेवायचे. वाक्याची सुरुवात ‘उद्या’ने केली तरी क्रियापद दुसऱ्याच जागी राहते आणि ‘मी’ त्याच्यामागे जातो. ‘कारण’ या अर्थाच्या ‘ओमदात’ने उपवाक्य सुरू केले की क्रियापदे मराठीसारखीच शेवटी जातात.

याहून महत्त्वाचे आहेत ते बोलण्यातले छोटे शब्द, जे वर्गात उशिरा शिकवले जातात पण रस्त्यावर पहिल्या दिवसापासून ऐकू येतात. ‘वाख्त एवन’ म्हणजे ‘जरा थांबा’, आणि त्यातला ‘एवन’ काढून टाकला तर तो हुकूम होतो. ‘खा मार झितन’ म्हणजे ‘बसा ना’. ‘दात खेफ्त नीत, होर’, म्हणजे ‘काही हरकत नाही हं’, यातला ‘होर’ हा आपला ‘हं’ किंवा ‘बरं का’, आणि वाक्याच्या शेवटचा ‘तोख?’ हा आपला ‘हो ना?’. इंग्रजीत यांना नेमके प्रतिशब्द नाहीत, मराठीत आहेत. तुम्ही-तू हा भेदही डचमध्ये ‘यू’ आणि ‘ये’ असा आहे. वडीलधाऱ्यांना ‘यू’ म्हणा. त्यांनी स्वतःहून ‘ये’ म्हणायला सांगितले तर संकोच न करता तसे म्हणा, कारण त्यातून जवळीक व्यक्त होते.

नागरिकत्वासाठी द्याव्या लागणाऱ्या परीक्षेतला बोलण्याचा भाग संगणकासमोर होतो. तो उत्तीर्ण झाला तरी समोरच्या माणसाशी बोलण्याची भीती जात नाही. त्यासाठी गावातल्या सार्वजनिक वाचनालयात चौकशी करा. बऱ्याच ठिकाणी ‘तालकाफे’ भरते, तिथे स्वयंसेवक चहाच्या टेबलाभोवती बसून शिकणाऱ्यांशी गप्पा मारतात. आठवड्यातून एकदा भेटणारा ‘तालमाच्ये’, म्हणजे भाषेचा सोबती, तिथून मिळू शकतो. माझी सोबतीण निवृत्त शिक्षिका होती. तिला भेटायला जाताना मी त्या आठवड्यात अडलेली तीन वाक्ये वहीत लिहून नेत असे आणि आम्ही तेवढ्यावरच तासभर बोलत असू. संध्याकाळी मुलांसोबत ‘येउख्तझुर्नाल’ या मुलांच्या बातम्या पाहा आणि खाली डच अक्षरेच ठेवा.

फोन सगळ्यात शेवटी घ्या, कारण तिथे चेहरा दिसत नाही. ‘हाउसआर्त्स’कडे, म्हणजे घरच्या डॉक्टरांकडे, फोन करण्याआधी नाव, जन्मतारीख, काय होते आहे आणि कधीपासून, ही चार वाक्ये कागदावर लिहून तो कागद समोर ठेवा. उचलणाऱ्या व्यक्तीला आधी ‘मेत’ म्हणून स्वतःचे नाव सांगा, मगच काम सांगा. ताप जास्त असेल किंवा मूल आजारी असेल तर सरावाचा आग्रह सोडून सरळ इंग्रजीत बोला. पुढच्या वेळी साधी तपासणीची वेळ ठरवायची असेल, तेव्हा तो कागद पुन्हा काढा.