दुसऱ्या देशाचा नवा नेता कसा समजून घ्यावा

कुठल्याही देशात नवा नेता आला की पहिले दोन दिवस त्याच्याबद्दल मत बनवू नका. ते दिवस फोटोंचे असतात. मी डब्लिनमध्ये राहते. जून 2017 मध्ये लिओ वराडकर इथले टीशक, म्हणजे पंतप्रधान झाले, तेव्हा जगभरच्या बातम्यांत तीनच गोष्टी होत्या: वय 38, उघडपणे समलिंगी, वडील भारतीय. ते वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे, म्हणून मालवणहून मामाचा फोन आला, "आपलो झील थंय पंतप्रधान झालो गो!" आणि ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी आयरिश बाई चहात दूध ओतताना एवढंच म्हणाली, "आता सकाळी लवकर उठणाऱ्यांचं राज्य." मामाचं बोलणं लगेच कळतं. त्या बाईचा टोमणा कळायला थोडी मेहनत लागते, आणि नेता कळतो तो तिथे.

पहिलं काम: खुर्ची कशी मिळाली ते बघा. "जनतेने निवडून दिलं" असं आपण सरसकट म्हणतो. वराडकरांच्या वेळी सार्वत्रिक निवडणूक झालीच नव्हती. आधीचे टीशक एंडा केनी पायउतार झाले आणि फिने गेल पक्षाने नवा अध्यक्ष निवडला. त्या निवडीत खासदारांच्या मतांना 65 टक्के वजन, साध्या सभासदांना 25 आणि स्थानिक लोकप्रतिनिधींना 10. सभासदांपैकी सुमारे 65 टक्के लोकांनी प्रतिस्पर्धी सायमन कोव्हनी यांना मत दिलं. पण 73 खासदारांपैकी 51 वराडकरांकडे होते, तिथेच निकाल लागला. मग 14 जूनला संसदेत 57 विरुद्ध 50 मतांनी ते टीशक झाले, तेही मुख्य विरोधी पक्ष फिअना फॉल तटस्थ राहिला म्हणून. आता सांगा, ज्याला स्वतःच्याच पक्षाच्या बहुतेक साध्या सभासदांनी पसंत केलं नव्हतं आणि ज्याचं सरकार विरोधकांच्या गप्प बसण्यावर चाललं होतं, त्याच्याकडून पहिल्या वर्षात किती धाडसाची अपेक्षा ठेवायची? हे आकडे कुठल्याही वर्तमानपत्रात सापडतात, फक्त ते पहिल्या पानावर नसतात.

दुसरं काम जास्त महत्त्वाचं: माणसाने आधीच्या खात्यात काय केलं ते शोधा. वराडकर स्वतः डॉक्टर. 2014 ते 2016 ते आरोग्यमंत्री होते. इथल्या सरकारी दवाखान्यात खाट मिळेपर्यंत पेशंटला ट्रॉलीवर झोपवून ठेवतात. नर्सेसची संघटना रोज सकाळी त्या ट्रॉल्या मोजून आकडा जाहीर करते. आरोग्यमंत्री कसा आहे हे आयरिश माणूस त्या आकड्यावरून ठरवतो. त्यानंतर समाजकल्याणाचं खातं आलं. तिथे त्यांनी सरकारी भत्ते लाटणाऱ्यांविरुद्ध जाहिरातींची मोहीम काढली. बसवर मोठाल्या अक्षरात लिहिलेलं असायचं की भत्त्यात फसवणारे आपल्या सगळ्यांनाच फसवतात. पक्षाध्यक्षपदाच्या प्रचारात म्हणाले, मी सकाळी लवकर उठणाऱ्यांसाठी काम करणार. नोकरदार मध्यमवर्ग खूश. पण आजारी आईला सांभाळणारी मुलगी, रात्रपाळी करून सकाळी झोपणारा, काम सुटलेला, या सगळ्यांना ते लागलं. ऑफिसातल्या बाईचा टोमणा तो हाच. तिची बहीण अपंग मुलाला सांभाळायची.

आणि अजून मागे जा. 2008 मध्ये, मंदी सुरू होत असताना विरोधी बाकांवरच्या वराडकरांनी सुचवलं होतं की बेकार झालेल्या परदेशी लोकांना काही महिन्यांचा भत्ता एकदम देऊन मायदेशी जायचा पर्याय द्यावा. स्थलांतरिताचा मुलगा म्हणून त्यांच्याकडे बघणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे आवर्जून वाचावं. मी त्यांना यासाठी वाईट ठरवत नाही. पण आडनावावरून माणसाची धोरणं ओळखता येत नाहीत, एवढं नक्की.

बाहेरच्यांना जे ठळक दिसतं त्याला घरात किती किंमत आहे, तेही विचारा. जानेवारी 2015 मध्ये रेडिओवरच्या मुलाखतीत आपण समलिंगी असल्याचं त्यांनी सांगितलं, आणि मी अर्धा भारतीय राजकारणी नाही, डॉक्टर राजकारणी नाही, समलिंगी राजकारणीही नाही, असंही तिथेच सांगून टाकलं. त्याच वर्षी मे महिन्यात समलिंगी विवाहाच्या बाजूने 62 टक्के मतदान झालं. त्यामुळे 2017 मध्ये माझ्या ओळखीतल्या आयरिश लोकांना परदेशी मथळ्यांचं जरा हसूच येत होतं.

बोलणारा परदेशी कुठला आहे, याकडेही लक्ष असू द्या. लंडनच्या पेपरांना ब्रेक्झिट, म्हणजे ब्रिटनचं युरोपीय संघातून बाहेर पडणं, आणि उत्तर आयर्लंडच्या सीमेपलीकडे वराडकरांत रस नव्हता. तिथल्या काहींना ते अडेलतट्टू वाटले. ब्रसेल्सला, म्हणजे युरोपीय संघाला, ते आपल्या बाजूचे वाटले. कोकणाला घरचे वाटले. तिघांनाही डब्लिनमधल्या घरभाड्याशी देणंघेणं नव्हतं.

गोव्याच्या वाचकांना हे नवीन नाही. 2015 मध्ये वडिलांकडून गोव्याचे असलेले आंतोनियो कोश्ता पोर्तुगालचे पंतप्रधान झाले तेव्हा मडगावात केवढं कौतुक! पण त्या निवडणुकीत त्यांचा पक्ष दुसरा आला होता आणि डाव्यांच्या पाठिंब्यावर सरकार बनलं होतं. लिस्बनमध्ये वाद त्यावर चालला होता.

वाचायचं कुठे? आयरिश संसदेतल्या चर्चा शब्दशः वेबसाइटवर मिळतात. नेता निवडला जातो त्या दिवसाची विरोधकांची भाषणं वाचा, तासाभरात त्याच्या सगळ्या दुखऱ्या नसा कळतात. लोकांचा सूर ऐकायचा तर आरटीई या आयरिश सार्वजनिक रेडिओवरचा 'लाइव्हलाइन' हा दुपारचा कार्यक्रम लावा. लोक फोन करून तक्रारी मांडतात. संपादकीयं नंतर वाचली तरी चालतात. इथल्या माणसाला विचारायचं झालं तर "तुमचा नवा नेता कसा आहे?" असं विचारू नका, पाहुण्याला देतात तसं गुळमुळीत उत्तर मिळेल. "याच्यामुळे तुमचं काय बदलेल?" असं विचारा.

अभिमान वाटला तर वाटू द्या, मलाही वाटला. मामाला मी पेढे वाटू नकोस असं सांगितलं नाही. डिसेंबर 2019 च्या शेवटी वराडकर कुटुंबासह मालवण तालुक्यातल्या वराडला, वडिलांच्या गावी आले. गावाने थाटात स्वागत केलं. मामा तिथे जाऊन फोटो काढून आला. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत, 8 फेब्रुवारी 2020 ला आयर्लंडमध्ये मतदान झालं. एक्झिट पोलमध्ये लोकांनी सर्वात मोठे विषय सांगितले ते आरोग्य आणि घरं. वराडकरांचा पक्ष 35 जागांसह तिसरा आला, आणि त्यांच्या स्वतःच्या डब्लिन वेस्ट मतदारसंघात पहिल्या पसंतीची सर्वाधिक मतं शिन फेन या विरोधी पक्षाच्या उमेदवाराला पडली. वराडकर निवडून आले ते मतमोजणीच्या पाचव्या फेरीत. इथे मतदार उमेदवारांना पसंतीचे क्रमांक देतात, आणि पहिल्या पसंतीची मतं पुरली नाहीत तर पुढच्या फेऱ्यांत इतरांकडून वळणाऱ्या मतांची वाट बघावी लागते. निकाल बघताना हा फेरीचा रकाना जरूर बघा, पसंतीक्रमाच्या पद्धतीत नेत्याचं घरचं वजन त्यात दिसतं.