अपघातात बुडालेली कमाई आणि भरपाईचा दावा : या चुका टाळा

रस्ता अपघातात जखमी झालेला माणूस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात येतो, तेव्हा त्याच्या फाइलमध्ये दवाखान्याची बिले तारीखवार लावलेली असतात. पण कमाई किती बुडाली हे दाखवणारा कागद बहुधा एकही नसतो. कायमचे अपंगत्व आलेल्या कमावत्या माणसाच्या भरपाईतला सर्वांत मोठा हिस्सा बहुतेक वेळा या कमाईचाच असतो, म्हणून इथली हयगय सर्वांत महाग पडते.

पगाराची स्लिप नाही म्हणून उत्पन्न मोघम सांगणे, ही नेहमीची चूक आहे. सुतार, रिक्षाचालक, भाजीविक्रेते, शेतकरी यांच्याकडे स्लिप असणारच नाही. परंतु बँकेचे पासबुक, यूपीआयच्या नोंदी, ठेकेदाराची हजेरीवही, बाजार समितीतल्या हिशोबपट्ट्या, रिक्षाचे परमिट हे सारे पुरावेच आहेत आणि त्यांच्या जोडीला नेहमी काम देणारा ठेकेदार साक्षीला आला, तर त्याचे वजन पडते. काहीच दाखवले नाही, तर न्यायाधिकरणाला अंदाजाने किंवा किमान वेतनाच्या आधारे आकडा धरावा लागतो. उलट, आकडा फुगवून सांगितला आणि उलटतपासणीत तो आयकर विवरणपत्राशी जुळला नाही, तर अर्जदाराच्या खऱ्या म्हणण्यावरचाही विश्वास उडतो.

मासिक उत्पन्नाच्या आकड्याला एवढे महत्त्व का, हे हिशोबावरून कळेल. 34 वर्षांचा स्वतंत्र व्यवसाय करणारा सुतार महिन्याला 20,000 रुपये कमावत होता आणि त्याची कमावण्याची क्षमता 30 टक्क्यांनी घटली, असे धरू. सर्वोच्च न्यायालयाच्या प्रणय सेठी निकालानुसार (2017) चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारी माणसाच्या उत्पन्नात भविष्यातील वाढीपोटी 40 टक्के मिळवले जातात. त्याच न्यायालयाच्या सरला वर्मा निकालानुसार (2009) 31 ते 35 या वयोगटाला 16 चा गुणक, म्हणजे वार्षिक उत्पन्नाला ज्याने गुणायचे तो वयानुसार ठरलेला आकडा, लागतो. म्हणजे 28,000 गुणिले 12 गुणिले 16 आणि त्याचे 30 टक्के, असे 16,12,800 रुपये होतात. हेच उत्पन्न पुराव्याअभावी 12,000 धरले गेले, तर रक्कम 9,67,680 वर येते.

त्याहून खोल चूक अपंगत्वाच्या टक्क्यांची आहे. प्रमाणपत्रावर लिहिलेले टक्के म्हणजेच कमाईतली घट, असे अर्जदार धरून चालतो. राजकुमार निकालात (2010) सर्वोच्च न्यायालयाने ही गल्लत स्पष्ट केली : एखाद्या हाताचे किंवा पायाचे अपंगत्व, संपूर्ण शरीराचे अपंगत्व आणि कमावण्याच्या क्षमतेतली घट या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. डावा हात तुटलेला ड्रायव्हर किंवा सुतार जवळजवळ पूर्ण रोजगार गमावतो, तर सरकारी कारकुनाची नोकरी त्याच दुखापतीनंतरही टिकू शकते. म्हणून जखमी माणूस अपघातापूर्वी नेमके कोणते काम करत होता, त्यातले आता काय जमत नाही आणि दुसरे कोणते काम तो करू शकतो, हे अर्जात व साक्षीत तपशिलाने आले पाहिजे. ‘पूर्वीसारखे काम होत नाही’ एवढ्या वाक्याने भागत नाही. रंधा मारताना किती वेळ उभे राहता येते, शिडीवर चढता येते का, हे सांगावे लागते. प्रमाणपत्र नुसते जोडून ठेवू नये. उपचार करणारे किंवा तपासणारे डॉक्टर साक्षीला येतील, याची व्यवस्था करावी.

नोकरदार मंडळी आणखी एक गोष्ट विसरतात. आजारपणात पगार चालू होता म्हणून काही बुडाले नाही, असे ते समजतात. परंतु तो पगार शिलकी रजा खर्ची घालून मिळालेला असतो, आणि ती रजा पुढे उपयोगी पडली असती. कार्यालयाकडून रजेच्या नोंदीचा दाखला घेऊन हे नुकसान स्वतंत्रपणे मागावे. उपचाराच्या महिन्यांतली प्रत्यक्ष बुडालेली कमाई आणि पुढच्या आयुष्यातली घट ही दोन वेगळी कलमे आहेत, तीही एकत्र गुंडाळू नयेत.

मुदतीबाबत गाफील राहू नये. मोटार वाहन कायद्यात 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा आहे; या तरतुदीला न्यायालयात आव्हान दिले गेले असले, तरी त्या भरवशावर थांबणे धोक्याचे आहे. अपघात परगावी झाला म्हणून खोळंबण्याचेही कारण नाही, कारण अर्जदार जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो, तिथल्या न्यायाधिकरणातही अर्ज करता येतो.

राहता राहिली तडजोड. घरात पैशाची चणचण असताना विमा कंपनीचा पहिला आकडा मोठा वाटतो, हे समजण्यासारखे आहे. पण हाडात बसवलेली धातूची पट्टी काढण्याची शस्त्रक्रिया बाकी असताना किंवा अपंगत्व अजून कायम ठरले नसताना सही करू नये. लोक अदालतीत अशा तडजोडीने झालेल्या निवाड्यावर अपील नसते, आणि वर्षभराने पाय आखडला तरी ते प्रकरण त्या कारणासाठी पुन्हा उघडत नाही.