पहिली परात मळून होईपर्यंत चहा नाही

नौपाड्यात माझं पोळी-भाजीचं छोटं दुकान आहे. पहाटे साडेपाचला शेगडी पेटते, कारण आठच्या आसपासची लोकल पकडणाऱ्यांना डबा त्याआधी हातात हवा असतो. माझा थायरॉइड, म्हणजे गळ्यातली ग्रंथी, कमी काम करतो हे मला नऊ वर्षांपूर्वी कळलं. त्यातली पहिली चार वर्षं मी एक दिवसही गोळी चुकवली नाही आणि तरी आजारीच राहिले. गोळी बरोबर होती, घ्यायची पद्धत चुकत होती. दुकानात येणाऱ्या बायकांशी बोलताना तीच चूक घरोघरी दिसते, म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवात हातांपासून झाली. रात्री झोपेत बोटांना मुंग्या यायच्या, हात झटकत उठून बसायचे. दिवसाला तीनशे पोळ्या लाटणाऱ्या बाईचे हात दुखणारच, असं मी धरून चालले. पाळीत अंगावर फार जायचं, त्याला वय कारण. पोट साफ होत नव्हतं, त्याला अवेळी जेवण. मे महिन्यात मला पंखा नको व्हायचा. आवाज इतका जड झाला की फोनवर ऑर्डर देणारी नवी गिऱ्हाइकं मला 'दादा' म्हणायला लागली. प्रत्येक तक्रारीला वेगळं कारण सापडत गेलं आणि सगळ्यांचं मूळ एक असेल हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही. शेवटी रक्त तपासलं तेव्हा टीएसएच 38 निघालं.

हा आकडा नीट समजून घ्या. टीएसएच थायरॉइडमध्ये तयार होत नाही. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी थायरॉइडला 'काम कर' म्हणून जी हाक मारते, ती टीएसएच. थायरॉइड ऐकत नाही तशी हाक मोठी होत जाते. म्हणून आकडा जास्त म्हणजे थायरॉइड कमी. मोठ्या माणसांत साधारण 0.4 ते 4 ठीक धरतात, लॅबप्रमाणे थोडा फरक असतो. आकडा चारच्या वर पण दहाच्या आत असेल आणि टी-फोर, म्हणजे थायरॉइड स्वतः रक्तात सोडतो ते हार्मोन, नॉर्मल असेल, तर डॉक्टर बहुतेक वेळा दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगतात. एका रिपोर्टवर घाबरून शेजारणीची गोळी सुरू करू नका.

मला लिव्होथायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइडचं कमी पडणारं हार्मोन भरून काढणारी गोळी 50 मायक्रोग्रॅमवर सुरू केली. मग 75, मग 100, मग 125. दर वेळी रिपोर्ट बघून गोळी वाढवली गेली, पण मी ती घेते कशी हे विचारलं गेलं नाही, आणि ते सांगायचं असतं हे मला माहीत नव्हतं. पुढे दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि म्हणाले, "ताई, सकाळी उठल्यापासून तोंडात काय काय जातं ते क्रमाने सांगा." मी सांगितलं: दुधाचा चहा, त्याच घोटाबरोबर थायरॉइडची गोळी, तिच्यासोबत कॅल्शियमची आणि लोहाची. सगळ्या गोळ्या एकदम, म्हणजे विसरायला नको. बाटली कुठे ठेवता? शेगडीच्या वरच्या फळीवर. तेव्हा त्यांनी समजावलं की कॅल्शियम आणि लोह ही गोळी आतड्यात धरून ठेवतात, रक्तात जाऊ देत नाहीत. चहा-कॉफी आणि खाणंही अडथळा करतं. उष्णतेनं आणि वाफेनं गोळीतलं औषध कमी होत जातं. मी 125 गिळत होते, पण अंगी किती लागत होतं कोण जाणे.

आता मी असं करते. बाटली पलंगाशेजारच्या खणात, तिच्याजवळ पाण्याचा तांब्या. सव्वाचारला उठले की नुसत्या पाण्याबरोबर गोळी, मग अंघोळ, मग कणीक. पहिली परात मळून, ओला फडका टाकून झाकून ठेवली की सव्वापाच वाजलेले असतात. तेव्हा चहा. पहिला आठवडा डोकं दुखलं, मग सवय झाली. किमान अर्धा तास आणि जमलं तर तासभर पोटात पाण्याशिवाय काही नको. लोह आणि कॅल्शियम थायरॉइडच्या गोळीपासून निदान चार तास लांब: माझं लोह दुपारी, कॅल्शियम रात्री जेवणानंतर. पित्तावरच्या गोळ्याही आड येऊ शकतात, त्या घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. सकाळी चहाशिवाय जमतच नाही किंवा रात्रपाळी आहे, तर जेवणानंतर तीन तासांनी, झोपताना घेतली तरी चालते. फक्त एक वेळ ठरवा आणि ती मोडू नका.

पद्धत सुधारल्यावर एक गोष्ट झाली, ती सगळ्यांना सांगते. तीच 125 ची गोळी आता पूर्ण लागू पडायला लागली. महिन्याभरात छातीत धडधड, हाताला कंप, रात्री झोप नाही. टीएसएच 0.1 वर आलं होतं, म्हणजे औषध जास्त होत होतं. असं बरेच दिवस चाललं तर हृदयाचे ठोके बिघडतात आणि हाडं ठिसूळ होतात. म्हणून पद्धत बदलणार असाल तर डॉक्टरांना आधी कळवा आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करा. त्याआधी केलं तर खरा आकडा दिसत नाही, कारण हे औषध शरीरात हळूहळू साठतं, अर्धं व्हायलाच आठवडा लागतो. मी 100 वर स्थिरावले. माझं वजन 62 किलो, आणि थायरॉइड जवळजवळ बंद असेल तर किलोमागे साधारण 1.6 मायक्रोग्रॅम लागतं, त्याच्याशी हे जुळतं. माझ्या आईला मात्र हृदयाचा त्रास आहे. तिला 12.5 पासून सुरू करून फार सावकाश वाढवलं. वयस्कर माणसांच्या बाबतीत घाई नको.

रक्त द्यायला मी नेहमी एकाच लॅबमध्ये, सकाळी, त्या दिवशीची गोळी घेण्याआधी जाते. केस गळतात म्हणून बायोटिन घेत असाल तर निदान दोन दिवस आधी बंद ठेवा, त्यानं रिपोर्ट फसवा येतो. आकडा स्थिर झाला की सहा महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा पुरे.

घेतली की नाही हे आठवत नाही, असं व्हायचं. आता कालनिर्णयवर तारखेपाशी बरोबरची खूण करते. एखादा दिवस चुकला तर घाबरू नका. त्याच दिवशी आठवलं तर पोट रिकामं असताना घ्या, नाहीतर दुसऱ्या दिवसापासून नेहमीसारखी. एकदम दोन मनानं घेऊ नका. आणि एकादशी असो की नवरात्र, ही गोळी उपासाला सोडायची नाही.

दुकानदारानं दुसऱ्या कंपनीची बाटली दिली तर हटकून विचारा. लिव्होथायरॉक्सिन तेच असलं तरी कंपनी बदलली की सहा आठवड्यांनी तपासून घ्यावं. बाटलीवरचा आकडा स्वतः वाचा. 25 आणि 125 यांत गल्लत झाली तर महिना वाया जातो.

थायरॉइड असताना कोबी चालतो का, असं मला रोज विचारतात, कारण मंगळवारी आमच्याकडे कोबीची भाजी असते. शिजवलेला कोबी, फ्लॉवर माणसानं नेहमीच्या प्रमाणात खावा. मीठ आयोडीनयुक्तच वापरा. सैंधवात बहुतेक वेळा आयोडीन घातलेलं नसतं. पण आयोडीनच्या जास्तीच्या गोळ्या, समुद्री शेवाळाची पावडर असलं काही नको, त्यानं थायरॉइड उलट बिघडू शकतो. 'मुळापासून बरं' करणारं चूर्ण घेऊन गोळी बंद केलेल्या दोघींना मी सहा महिन्यांत सुजलेल्या चेहऱ्यानं परत आलेलं पाहिलंय.

माझ्या भाचीला दिवस गेले तेव्हा ती नाव नोंदवण्याची तारीख येईपर्यंत थांबणार होती. मी तिला त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायला लावला. पहिल्या महिन्यांत बाळ आईच्याच थायरॉइडवर वाढतं, आईची गरज लगेच वाढते आणि गोळी बहुतेक वेळा वाढवावी लागते. त्यातच लोह आणि कॅल्शियम सुरू होतं, तेव्हा चार तासांचं अंतर तिथे सगळ्यात जास्त पाळायचं.

छातीत दुखलं, ठोके थांबत नाहीत, किंवा घरातलं माणूस गार पडून गुंगीत बडबडायला लागलं, तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

मेमध्ये गावी जाताना बाटली मी पर्समध्ये ठेवते. उन्हात उभ्या गाडीत ती राहू देत नाही. आणि निघण्याआधी मोजून बघते, कारण गावच्या दुकानात 100 ची मिळेलच असं नाही.